काकडीला पाणी का सुटते? पेशीपटलातून होणारी ये-जा घरच्या घरी समजून घेण्यासाठी

कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून ठेवली आणि जेवायला अवकाश असतानाच तिला मीठ लावले, तर अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी पाणी जमते, काकडी मऊ पडते आणि दही घातल्यावर सगळी कोशिंबीर पचपचीत होते. म्हणूनच मीठ आयत्या वेळी घालावे, असे घरोघरी सांगितले जाते. अशा वेळी आपण ‘काकडीला पाणी सुटले’ असे म्हणतो आणि हा शब्दप्रयोग शास्त्राच्या दृष्टीनेही नेमका आहे, कारण त्यात लक्ष पाण्यावर आहे. पाठ्यपुस्तकातील व्याख्या पाठ करून आलेला विद्यार्थी मात्र हाच प्रसंग समजावताना बहुधा मिठापासून सुरुवात करतो, मीठ आत गेले की बाहेर राहिले यात अडकतो आणि शेवटी आकृतीतील बाण उलटा काढतो.

आठवी ते बारावीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि हा भाग प्रथमच शिकवणारे शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. साहित्य म्हणून बटाटे, बीट, लाल कांदा, मीठ आणि एक डिजिटल वजनकाटा पुरेसा आहे. सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम. कोणताही पदार्थ पेशीत शिरतो किंवा पेशीतून बाहेर पडतो असे वाचनात आले, की तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. पटल त्या पदार्थाला वाट देते का? उतार कोणत्या बाजूला आहे? आणि या कामात पेशीची ऊर्जा खर्ची पडते का? उतार म्हणजे येथे दाटीचा उतार. एखाद्या पदार्थाचे कण जेथे दाट असतात तेथून ते विरळ असतात तिकडे जाणारा. विसरण, परासरण, सक्रिय वहन ही सारी नावे या तीन प्रश्नांच्या उत्तरांना दिलेली आहेत, त्यामुळे प्रश्न आधी आणि नावे नंतर, असाच क्रम ठेवावा.

पहिली पायरी : पटल डोळ्यांसमोर आणणे

पेशीपटल, ज्याला पाठ्यपुस्तकात प्रद्रव्यपटल असेही म्हटलेले असते, सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशी जवळजवळ दहा हजार पटले एकावर एक मावतील. फॉस्फोलिपिड नावाच्या मेदद्रव्याच्या रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे असतात. प्रत्येक रेणूचे डोके पाण्यात रमणारे आणि शेपट्या पाण्यापासून दूर पळणाऱ्या असल्याने डोकी आतल्या व बाहेरच्या पाण्याकडे राहतात आणि शेपट्या मधल्या भागात लपतात. या तेलकट मधल्या भागामुळेच पटल निवड करू शकते. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल यांसारखे रेणू त्यातून सहज निसटतात, पाणी थोडे अडखळत जाते, आणि साखरेचा रेणू किंवा विद्युतभार वाहणारा सोडियमचा आयन जवळजवळ अडूनच राहतो. अशा अडलेल्या पदार्थांसाठी पटलात जागोजागी प्रथिने बसवलेली असतात. ही प्रथिने विटांसारखी चिणलेली नसतात. मेदाच्या थरात ती तरंगत सरकू शकतात. असे प्रवाही चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले आणि आजही शिकवताना तेथूनच सुरुवात होते.

वनस्पतींच्या पेशीला या पटलाबाहेर पेशीभित्तिकाही असते. ती सेल्युलोजची, मजबूत आणि सच्छिद्र असते. पाणी आणि त्यात विरघळलेले लहान कण तिच्यातून विनातक्रार जातात. भित्तिका आकार सांभाळते आणि कोणाला आत घ्यायचे ते पटल ठरवते, हा फरक पहिल्याच दिवशी पक्का करावा.

हे पटल खरोखर अडवते याची खात्री बीटाच्या फोडींवरून होते. बीटाचा लाल रंग पेशीच्या आतील रिक्तिकेत, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीत, कोंडलेला असतो. बीटाच्या साधारण एक सेंटिमीटरच्या फोडी करून त्या वाहत्या पाण्याखाली, निथळणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवाव्यात. मग एक फोड साध्या पाण्यात, दुसरी हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात आणि तिसरी उकळून किंचित निवलेल्या पाण्यात टाकून पंधरा मिनिटे थांबावे. चौथी फोड आदल्या रात्री फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून, बाहेर काढून साध्या पाण्यात टाकावी. साध्या आणि कोमट पाण्यात रंग जेमतेम उतरतो. गरम पाण्याचा पेला मात्र लालभडक होतो, कारण उष्णतेने प्रथिने विस्कटतात आणि मेदाचा थर ढिला पडतो. गोठवलेल्या फोडीचा रंगही गळतो, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पटले फाटलेली असतात. मी हा प्रयोग पहिल्यांदा मुलांसमोर केला तेव्हा फोडी न धुताच टाकल्या होत्या. सुरीने कापलेल्या पेशींचा रंग उतरून चारही पेले लाल झाले आणि सगळीच पटले गळकी असतात असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. तेव्हापासून धुण्याची सूचना मी दोनदा सांगतो.

दुसरी पायरी : विसरण आणि अंतराचा हिशेब

कण सतत इतस्ततः हलत असतात आणि या निरुद्देश हालचालीतून दाट जागेकडून विरळ जागेकडे त्यांचा एकूण ओघ राहतो, यालाच विसरण म्हणतात. उदाहरण म्हणून खोलीभर पसरणारा उदबत्तीचा वास सांगण्याची प्रथा आहे. तो वास मुख्यतः हवेच्या झुळकांनी पसरतो, त्यामुळे विसरण फार वेगवान असते असा चुकीचा समज त्यातून रुजतो.

खरी गोष्ट अशी, की विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साखरेचा रेणू पाण्यात १० मायक्रोमीटर, म्हणजे एका लहानशा प्राणिपेशीच्या रुंदीइतके अंतर, साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात पार करतो. अंतर हजारपट केले, म्हणजे एक सेंटिमीटर घेतले, तर वेळ दहा लाखपट होतो आणि त्याच रेणूला एका दिवसाहून अधिक काळ लागतो. पेशी लहान का असतात आणि मोठ्या प्राण्याला हृदय, रक्तवाहिन्या आणि फुप्फुसांतील पातळ भिंतींचे वायुकोश का लागतात, याचे उत्तर या एका हिशेबात आहे. वर्गात आकृती काढण्याआधी हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. पुढचे अर्धे प्रश्न त्यामुळे उद्भवतच नाहीत.

तिसरी पायरी : बटाटा, मीठ आणि वजनकाटा

निवडक्षम पटलातून होणाऱ्या पाण्याच्या विसरणाला परासरण म्हणतात. येथे पाण्याचा स्वतःचा उतार पाहायचा असतो. शुद्ध पाण्यात पाणी ‘दाट’ असते, मिठाच्या पाण्यात काही जागा मिठाने अडवल्यामुळे ते तुलनेने ‘विरळ’ असते, असे नवख्याने धरून चालायला हरकत नाही. भौतिकशास्त्राच्या काटेकोर भाषेत हे चित्र अपुरे आहे, पण बाण योग्य दिशेला काढण्यासाठी ते पुरते.

पुस्तकात यासाठी बेदाण्यांचे उदाहरण असते, तरी मी बटाटा घेतो. वाळवलेल्या द्राक्षात जिवंत पेशींचा भरवसा देता येत नाही. तसेच भिजत घातलेली कोरडी मटकी सुरुवातीला फुगते ती मुख्यतः कोरड्या द्रव्याने पाणी शोषल्यामुळे. बटाट्याच्या पेशी मात्र जिवंत, मोठ्या आणि रसरशीत असतात.

एकच मोठा बटाटा घेऊन सोलाण्याने साल काढावी आणि पाच सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद व तितक्याच जाड अशा पंधरा कांड्या कापाव्यात. पाच पेल्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. प्रत्येकात २०० मिलिलिटर पाणी घेऊन अनुक्रमे ०, १, २, ४ आणि ८ ग्रॅम मीठ विरघळवावे, म्हणजे ०, ०.५, १, २ आणि ४ टक्क्यांची द्रावणे मिळतात. प्रत्येक पेल्यासाठी तीन कांड्यांचे एकत्र वजन करून ते वहीत लिहावे आणि मगच त्या बुडवाव्यात. दीड तासाने त्या बाहेर काढून सुती फडक्याने हलकेच टिपाव्यात आणि पुन्हा वजन करावे. सगळी मेख या टिपण्यात आहे. एका पेल्यातील कांड्या ओल्या आणि दुसऱ्यातील पिळून काढलेल्या असतील, तर आलेला फरक पटलाचा नसून फडक्याचा असतो. स्वयंपाकघरातील बरेच काटे एका ग्रॅमपर्यंतच दाखवतात, ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला लहान काटा मिळाला तर तो वापरावा, नाहीतर प्रत्येक पेल्यात शंभर ग्रॅमच्या आसपास फोडी घ्याव्यात आणि पाणी व मीठ दोन्ही त्याच प्रमाणात वाढवावे. कांड्या रात्रभर तशाच ठेवू नयेत, कारण तीव्र मिठात पेशी मरतात, पटले निकामी होतात आणि मग आपण वेगळाच प्रयोग करत बसतो.

बदल नेहमी टक्क्यांत काढावा. समजा कांड्यांचे वजन १५.० ग्रॅमवरून १६.२ ग्रॅम झाले, तर १.२ भागिले १५.० म्हणजे ८ टक्के वाढ झाली. पाचही उत्तरे आलेखावर मांडली, की साध्या पाण्यातील कांड्या वजनाने वाढलेल्या, चार टक्क्यांतील घटलेल्या आणि मधे कोठेतरी रेषा शून्याला छेदणारी दिसते. माझ्याकडे हा छेद बहुतेक वेळा १ टक्क्याच्या अलीकडे-पलीकडे येतो. वजनाबरोबर हातालाही फरक कळतो. साध्या पाण्यातील कांडी वाकवली तर कटकन मोडते, चार टक्क्यांतील कांडी रबरासारखी वाकते.

आता नावे द्यावीत. ज्या द्रावणात वजन वाढले ते अवपरासारी, ज्यात घटले ते अतिपरासारी आणि जेथे फरक पडला नाही ते समपरासारी. ही विशेषणे बाहेरच्या द्रावणाची आहेत आणि तीही त्या विशिष्ट पेशीच्या तुलनेत, हे लक्षात ठेवावे. तेच द्रावण एका पेशीला अवपरासारी आणि दुसरीला अतिपरासारी असू शकते.

येथे एक प्रश्न हटकून येतो : मिठाऐवजी साखर घेतली तर? एक टक्का साखरेने बटाट्याचे काहीही बिघडत नाही. समपरासारी अवस्थेसाठी साधारण १० टक्के साखर लागते. परासरणात कणांची संख्या मोजली जाते, त्यांचे वजन नव्हे. साखरेचा रेणू जड असतो आणि मिठाचा लहानसा घटक पाण्यात फुटून सोडियम व क्लोराइड असे दोन कण देतो, त्यामुळे एक ग्रॅम मिठातून एक ग्रॅम साखरेच्या जवळजवळ बारापट कण मिळतात. मुरांब्याला साखर किलोच्या हिशेबात आणि लोणच्याला मीठ त्यामानाने कमी का लागते, याचे एक कारण या गणितात आहे.

लोणच्याबद्दल आणखी थोडे. कैरीच्या फोडींना मीठ लावले की आधी पाणी सुटते आणि काही दिवसांनी लोणचे मुरते. पहिल्या टप्प्यात पटले शाबूत असतात, म्हणून पाणी बाहेर येते आणि मीठ बाहेरच राहते. पेशी मेल्यावर पटलाचा पहारा उठतो आणि मीठ आतपर्यंत पोहोचते. कच्च्या बटाट्याला पाणी सुटते आणि उकडलेल्या बटाट्यात मीठ मुरते, यातही तोच फरक आहे. भाषेने हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत आणि शिक्षकाने त्यांचा भरपूर उपयोग करून घ्यावा.

चौथी पायरी : एक पेशी जवळून, आणि वनस्पती-प्राणी हा फरक

लाल कांद्याच्या मांसल पापुद्र्याच्या बाहेरच्या, रंगीत बाजूवरून नखाने पातळ साल ओढून घ्यावी, ती काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावी आणि वर आच्छादन काच ठेवावी. कांदा नसेल तर रिओ या शोभेच्या झाडाची, पाठीमागून जांभळी असलेली पानेही चालतात. शंभर पटींच्या आसपास मोठे करून पाहिले, तर गुलाबी रंगाने काठोकाठ भरलेल्या, विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसतात. आता काचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडावा आणि समोरच्या कडेला टिपकागद टेकवावा, म्हणजे द्रावण काचेखाली ओढले जाते. दोनतीन मिनिटांत गुलाबी भाग कोपऱ्यांतून सुटू लागतो, आक्रसतो आणि भित्तिकेच्या चौकटीत मधोमध एखाद्या गोळ्यासारखा उरतो. चौकट जागच्या जागी राहते. याला रससंकोच म्हणतात. रंग मात्र फिका पडत नाही, उलट गडद होतो, कारण पाणी गेले आणि रंगद्रव्य अडकून राहिले. लगेच त्याच रीतीने साधे पाणी ओढून घेतले, तर गोळा पुन्हा फुगून भिंतीला टेकतो. जी पेशी परत फुगते ती जिवंत होती, असा निर्वाळा येथेच मिळतो.

प्राणिपेशीला भित्तिका नसल्याने तिची गोष्ट वेगळी होते. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात टाकली तर ती फुगत फुगत फुटते. तीव्र मिठात ती सुरकुतते. शिरेतून दिले जाणारे नॉर्मल सलाइन ०.९ टक्के मिठाचे असते ते याच कारणाने, आणि बटाट्याचा छेदही तेथेच जवळपास यावा हा योगायोग मुलांना फार आवडतो. रक्ताचा प्रयोग घरी करू नये; तो सांगून भागतो. गोड्या पाण्यातील अमीबालाही फुटण्याचे हेच संकट असते आणि तो संकोचशील रिक्तिकेने आत शिरलेले पाणी सतत उपसून टाकतो.

वनस्पतीला मात्र आत शिरणारे पाणी हवेच असते. पेशी फुगून भिंतीवर दाब देते, भिंत तो दाब परतवते आणि त्या ताणावर कोवळे रोप उभे राहते. हा दाब अनेकदा मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबापेक्षाही जास्त असतो. पाणी घालायचे राहून गेलेली तुळस माना टाकते आणि पाणी घातल्यावर तासा-दोन तासांत सावरते, ती याच ताठरतेवर. उलट, कुंडीत मूठभर युरिया टाकला तर मातीतील पाणी मुळांच्या पेशींना अतिपरासारी होते आणि ओल्या मातीतही रोप करपते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात शेतकऱ्याला जमिनीतील क्षारांशी झगडावे लागते, त्यातील अडचणीचा एक भाग असा आहे, की खाऱ्या पाण्यातून पाणी खेचून घेणे मुळाला कठीण जाते.

पाचवी पायरी : दारे

पाणी तेलकट थरातून अडखळत जात असेल, तर मूत्रपिंड दिवसाला इतके पाणी परत कसे शोषून घेते? पाण्यासाठी स्वतंत्र वाट असावी असा संशय जुना होता. पीटर अ‍ॅग्रे यांच्या गटाने १९९२ मध्ये तांबड्या रक्तपेशीतील एका प्रथिनाचे काम उलगडले आणि ती वाट सापडली. अ‍ॅक्वापोरिन नावाच्या या प्रथिनाच्या एका नळीतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू एका रांगेत जातात. अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दार असले तरी उतार तोच राहतो. दारामुळे वेग वाढतो, दिशा बदलत नाही.

ग्लुकोजसाठी नळीऐवजी वाहक प्रथिने असतात, जी रेणूला एका बाजूने धरतात, आपला आकार बदलतात आणि दुसऱ्या बाजूला सोडतात. वाहकांची संख्या मर्यादित असल्याने टोलनाक्याप्रमाणे एका मर्यादेनंतर रांग लागते आणि बाहेर कितीही दाटी झाली तरी वेग वाढत नाही. स्नायू आणि मेदपेशींमध्ये हे वाहक आतल्या पिशव्यांत राखून ठेवलेले असतात आणि इन्शुलिनचा निरोप आला की ते पटलावर आणून बसवले जातात. इन्शुलिन ग्लुकोजला हाताला धरून आत नेते असे जे सर्रास सांगितले जाते, त्याऐवजी ते दारे वाढवते असे सांगावे.

सहावी पायरी : चढ

आपल्या पेशींच्या आत पोटॅशियम दाट आणि सोडियम विरळ असते. बाहेर नेमके उलट. रक्तद्रवात सोडियमचे प्रमाण लिटरला सुमारे १४० मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक) असते, पेशीच्या आत ते १० ते १५ च्या घरात असते. थोडीफार गळती सतत चालू असताना हा फरक टिकतो, याचा अर्थ कोणीतरी सोडियम चढावर ढकलत आहे. डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना १९५७ मध्ये हे काम करणारे विकर शोधले आणि १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हा पंप एटीपीचा, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचा, एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा या एका पंपावर खर्च होतो. यालाच सक्रिय वहन म्हणतात.

वनस्पतींच्या पटलात मुख्य पंप हायड्रोजन आयनांचा असतो. तो हे आयन बाहेर फेकून उतार तयार करतो आणि त्या उताराच्या जोरावर नायट्रेटसारखी पोषकद्रव्ये मुळात ओढली जातात. एखादे वहन सक्रिय आहे की नाही, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे ऊर्जेचा पुरवठा तोडला की ते थांबते. शेतात पाणी तुंबून राहिले की पीक पिवळे पडते, कारण चिखलात मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, एटीपी तयार होणे मंदावते आणि पंप थकतात. खत जमिनीत असूनही पिकाच्या अंगी लागत नाही. रक्तपेढीत थंड ठेवलेल्या रक्तातही पंप मंदावतात आणि दिवसागणिक पोटॅशियम पेशींतून बाहेर झिरपत राहते.

दारातून न मावणाऱ्या मोठ्या वस्तूंसाठी पटल स्वतःच वाकते. पांढरी रक्तपेशी जिवाणूला पटलाने वेढून गिळते, ते पेशीभक्षण. स्वादुपिंडाची पेशी इन्शुलिनने भरलेली पिशवी पटलाशी जुळवून बाहेर रिकामी करते, ते पेशी-उत्सर्जन. यालाही ऊर्जा लागते. नवख्याला सुरुवातीला एवढे पुरे.

सातवी पायरी : सगळे एकाच पेल्यात

शिकलेले खरोखर उमगले का, हे तपासायला जलसंजीवनीइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, जिवाणूचे विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड बाहेर सोडत राहायला लावते. क्लोराइडमागे सोडियम जातो, आतड्याच्या पोकळीत कणांची दाटी होते आणि परासरणाने पाणी तिकडे धावते. अशा रोग्याला नुसते पाणी पाजले तर ते टिकत नाही. मात्र त्याच पेशींवरचे एक वाहक विषाने बिघडत नाही. ते सोडियम आणि ग्लुकोज दोघांना जोडीनेच आत घेते. पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप सोडियम सतत बाहेर टाकत असल्याने आत सोडियमचा उतार तयार असतो आणि त्या उतारावर घरंगळणारा सोडियम ग्लुकोजला सोबत खेचतो; दोघे आत आले की पाणी त्यांच्यामागे येते. या जोडवहनाची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. पंप, वाहक आणि परासरण, तिन्ही एका घोटात.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे द्रव अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांतून रोग्यांना तोंडाने द्यायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते तोंडी द्रावण घेणाऱ्यांत ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल, म्हणजे एकास एक जोडी जमते. सगळ्या कणांची बेरीज २४५ मिलिऑस्मोल येते, रक्ताच्या साधारण २९० पेक्षा थोडी कमी; म्हणजे पाण्याचा उतार आतड्याकडून रक्ताकडे राहतो. जुन्या सूत्रात हा आकडा ३११ होता.

जलसंजीवनीचे तयार पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून द्रावण करता येते. चमचा शिगोशीग भरू नये आणि ‘जरा गोड असू दे’ म्हणून साखर वाढवू नये, कारण जास्त साखर आतड्यातच राहून पाणी उलट बाहेर ओढते आणि जुलाब वाढतात. हा तोच चार टक्क्यांचा पेला, फक्त बटाट्याच्या जागी आतड्याचे अस्तर. लहान मूल मलूल पडले, त्याची लघवी कमी झाली किंवा उलट्यांमुळे काही टिकतच नसेल, तर घरगुती द्रावणावर न थांबता डॉक्टर गाठावा. पाकीट एका लिटरचे असेल तर ते पूर्ण एका लिटर पाण्यातच एकदम विरघळवावे, अर्धे-पाव करून पेल्यात अंदाजाने घालू नये. तयार द्रावण झाकून ठेवावे, घोट घोट पाजावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून नवे करावे.